सही कुणाची, तारीख कुठली?

माझी सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात झाली. त्यातली बरीच वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. त्यामुळे वर्गणी, गेट मीटिंग, संप हे शब्द शाळेत जायच्या आधीपासून कानावर पडलेले. आता निवृत्त झालोय. निवडणुका आल्या की सोसायटीतली पोरं आणि गावाकडचे भाऊबंद हटकून विचारतात, ‘काका, तुम्ही युनियनवाले, यंदा मत कुणाला द्यायचं?’ नाव मी कुणालाच सांगत नाही. माणूस कसा पारखायचा, ते सांगतो. त्याबाबतीत जी काही अक्कल माझ्याकडे आहे ती युनियनमध्येच आली. तिचे हे चार बोल. मोजायला गेलो तर दहा भरले.

१. युनियनची किंमत चौकशीच्या खोलीत कळते

‘युनियनने काय दिलं?’ असं विचारलं की लोक पगारवाढीचा आकडा सांगतात. आकडा महत्त्वाचा आहेच, पण वाढ सगळ्यांना एकदम मिळते. एकटा माणूस अडकतो तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं, तिथे युनियनचा कस लागतो.

आमच्याकडे एका ऑपरेटरला चार्जशीट मिळाली. दुसऱ्या पाळीत परवानगी न घेता मशीन सोडून गेला, उत्पादनाचं नुकसान झालं, असा आरोप. चार्जशीट इंग्रजीत, गडी सातवी शिकलेला. त्याने कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि घरी बायकोलाही सांगितलं नाही. चौकशी लागली. टेबलाच्या त्या बाजूला कंपनीने नेमलेला वकील चौकशी अधिकारी म्हणून, पर्सोनेलचा माणूस आणि साक्षीला सुपरवायझर. या बाजूला तो आणि बचाव प्रतिनिधी म्हणून मी.

उलटतपासणीत मी साधेच प्रश्न विचारले. मशीन बंद दिसलं तेव्हा त्यावर जॉब होता का? होता. काम झालेला? हो. तो हाताने उतरवता येतो? नाही, क्रेन लागते. क्रेन चालू होती? साहेब गप्प. मग मेंटेनन्सचं लॉगबुक मागवलं. त्या वेळेला क्रेन बंद असल्याची नोंद होती, खाली फिटरची सही. आमचा गडी त्या फिटरलाच बोलवायला गेला होता.

नोकरीवर आलेलं प्रकरण तोंडी समज देऊन मिटलं. एकटा असता तर त्याने पहिल्याच दिवशी माफीनाम्यावर सही केली असती, आणि तो माफीनामा पुढे जन्मभर त्याच्या फाइलमध्ये राहिला असता. म्हणून उमेदवाराबद्दल माझी पहिली चौकशी हीच असते : रेशनकार्ड अडलेला, पोलीस चौकीत बसवून ठेवलेला, हॉस्पिटलच्या बिलापायी पेशंट घरी नेता न येणारा असा एकटा माणूस याच्याकडे गेला तेव्हा काय झालं? ‘बघतो, बघतो’ म्हणून वाटेला लावला, की कागद मागून वाचला?

२. ‘आपोआप मिळालं’ म्हणणाऱ्याला तारीख विचारा

नव्या पोरांना वाटतं, रविवारची सुट्टी पंचांगातच छापून आली. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये कामगारांच्या सभा भरवून ती मागितली. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मध्ये जवळपास सहा वर्षं गेली. राज्य विमा योजनेचा कायदा १९४८चा, प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२चा, बोनसचा १९६५चा, ग्रॅच्युइटीचा १९७२चा. यातलं काहीही मालकाच्या मनात एके सकाळी आलं म्हणून मिळालेलं नाही.

कायदा होतो सभागृहात. पण तो प्रश्न सभागृहाच्या दारापर्यंत ओढत नेणारी माणसं बाहेर उभी असावी लागतात. एखादा उमेदवार भाषणात म्हणाला, ‘युनियनचा जमाना गेला,’ तर मी भांडत नाही. वरची यादी वाचून दाखवतो आणि विचारतो, यातलं कुठलं परत करायचं म्हणता?

३. करार वाचता आला की जाहीरनामाही वाचता येतो

करार झाला की गेटवर गुलाल उधळतात, पेढे वाटतात आणि माइकवरून घोषणा होते, ‘नऊ हजारांची वाढ!’ जुना कामगार टाळी वाजवण्याआधी चार प्रश्न विचारतो. किती वर्षांत? बेसिकमध्ये किती? कधीपासून? आणि बदल्यात काय कबूल केलं?

एकेक प्रश्न लाखमोलाचा आहे. करार तीन वर्षांचा असेल तर नऊ हजार पहिल्याच महिन्यात हातात पडत नाहीत, ते तीन वर्षांत विभागून येतात. आमच्या काळात ग्रॅच्युइटी बेसिक आणि डीएवर निघायची. सूत्र सगळ्यांना पाठ : शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. म्हणजे तीस वर्षं नोकरी झालेल्याच्या बेसिकमध्ये हजार रुपये जास्त पडले, तर जाताना सतरा हजारांवर रक्कम जास्त हातात येते. तेच हजार धुलाई भत्त्यात घातले तर ग्रॅच्युइटीत एक पैसा वाढायचा नाही. पुढे तारीख. आधीचा करार संपून वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. नवा केव्हापासून लागू, त्यावर थकबाकी ठरते. आणि उत्पादन किती वाढवून द्यायचं ते कलम बहुतेक वेळा मागच्या पानावर असतं, पेढा खाऊन झाल्यावर दिसणारं.

जाहीरनाम्याला मी हेच चार प्रश्न लावतो. ‘तरुणांना रोजगार देऊ’ : किती जणांना, कायम की कंत्राटी, कधीपर्यंत, कुठल्या पैशातून? जोडीला पाचवा प्रश्न : हे करायचा अधिकार तुमच्याकडे आहे का? कामगारविषयक कायदे राज्यघटनेत समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही ते करता येतात. नगरसेवकपदाच्या उमेदवाराने देशभर कारखाने उघडायच्या गप्पा मारल्या तर मी त्याला एवढंच विचारतो, आपल्या वॉर्डातला कचरा उचलणाऱ्या कंत्राटी माणसाला किमान वेतन पूर्ण मिळतं का, ते ठेकेदाराच्या बिलावर पाहाल का? आमदारकीच्या उमेदवाराला किमान वेतनाच्या फेरतपासणीबद्दल आणि कामगार आयुक्तालयातल्या रिकाम्या जागांबद्दल विचारावं. खासदारकीच्या उमेदवाराला २०१९ आणि २०२०मध्ये संसदेने मंजूर केलेल्या चार श्रमसंहितांबद्दल. छाटणीसाठी सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांच्या कारखान्यापासून. नव्या संहितेत ती मर्यादा तीनशेवर नेली. हे तुम्हाला पटतं का? पटत असेल तर का? आणि आम्हा निवृत्तांचा प्रश्न : ईपीएस ९५ची किमान पेन्शन २०१४मध्ये महिना १००० रुपये ठरली. त्यात आजचा महिना कसा काढायचा?

उत्तर माझ्या मनासारखं यायलाच हवं असं नाही. प्रश्न त्याला समजला की नाही, एवढ्यावर निम्मी परीक्षा होते.

४. कामगार मतदान केंद्रावर घरासकट जातो

युनियनचे बरेच पुढारी निवडणुकीनंतर चडफडत असतात, ‘पगारवाढ आम्ही आणली आणि मत भलत्यालाच दिलं!’ कारखान्यात माणूस कामगार असतो. पाळी सुटली की तो कुणाचा तरी भाऊबंद असतो, एका गावचा, एका जातीचा, एका भाषेचा. टँकरची वाट बघणारा, चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदावर सही करू की नको या विवंचनेतला. आमच्याच घरात बाबा युनियन सांगेल त्याला मत द्यायचे आणि आई नळाला पाणी कुणी आणलं ते बघून. दोघांनाही आपापल्या जागी कारण होतं.

गिरणगावचा इतिहास हेच सांगतो. १९५७मध्ये कॉम्रेड डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले तेव्हा लाल बावट्यामागे संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. पोटाचा आणि भाषेचा प्रश्न तेव्हा एकाच दिशेने चालला होता. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. लाल बावट्याचा बालेकिल्ला, वर सहानुभूती. तरीही शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. शिवसेनेचे ते पहिले आमदार. मतदार बहुतांशी तेच, गिरण्या त्याच. दोन प्रश्नांची दिशा मात्र फाटली होती.

म्हणून मतदाराला मूर्ख ठरवणं हा पुढाऱ्याचा आळस आहे. गोरेगावात मृणालताई गोरे यांनी पाण्याचा प्रश्न हातात धरला, ‘पाणीवाली बाई’ म्हणून त्या ओळखल्या गेल्या आणि १९७७मध्ये लोकसभेवर गेल्या. घरातला प्रश्न त्यांनी बाहेरच्या राजकारणात आणला. ज्या युनियनला सभासदाच्या घरातला नळ दिसत नाही, तिने त्याच्या घरातली मतं मागू नयेत.

५. केलेलं काम आणि मिळालेली मतं यांचा ताळेबंद जुळत नाही

सोलापूरचे नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, हे याचं ठळक उदाहरण. विडी वळणाऱ्या बायकांची युनियन बांधत ते १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. विडी कामगार बाई म्हणजे घरी तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून हजाराच्या हिशोबाने मजुरी घेणारी. कारखान्यात ‘छाट’ काढली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, की मजुरी बुडाली. अशा बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरांची कॉम्रेड गोदुताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आणि मधला धागा एका मार्क्सवादी युनियन पुढाऱ्याचा.

आणि निवडणुका? २००९पासून मास्तर विधानसभेला हरत आले. मतदारसंघाची फेररचना झाली, शहरातली समीकरणं बदलली, आणि वसाहत शहराच्या हद्दीबाहेर, तेव्हा घराबरोबर मतदार यादीतलं नावही बाहेर जाणार.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. मतांसाठी काम करणारा पहिल्या पराभवानंतर घरी बसतो. पराभवानंतरही त्याच प्रश्नाचे कागद घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढणारा माणूस वेगळ्या मातीचा. म्हणून उमेदवार मागच्या वेळी हरला असेल तर मधली पाच वर्षं तो कुठे होता, हे विचारावं. ‘कार्यसम्राट’ लिहिलेल्या फ्लेक्सवर ते सापडत नाही. दुसरी गोष्ट, निवडून आलेलं सरकार आपल्या रंगाचं नसलं तरी त्याच्याकडून काम काढून घेता आलं पाहिजे. युनियनवाल्याला ही सवय असते. मालक तरी कुठे आपल्या पक्षाचा असतो?

६. संप पुकारणाऱ्यापेक्षा मिटवणाऱ्याची परीक्षा मोठी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, बाबा त्यातले एक. पुढारी डॉ. दत्ता सामंत. त्या संपाबद्दल ‘कामगारांना भडकवलं’ असं आजही बोललं जातं, ते मला पटत नाही. कामगारांनी आपण होऊन डॉक्टरांना गाठलं होतं. इतर कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढी डोळ्यांपुढे होत्या.

अडचण सहीची होती. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका विभागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे आणि करारावर सही करायचा अधिकार दुसऱ्याकडे, असा पेच. हा कायदा रद्द करा ही मागणी त्यामुळेच पुढे आली. ती मालकाच्या हातातली नव्हती, सरकारच्या हातातली होती. आणि सरकारला नमायचं नव्हतं. त्यात अनेक मालकांना गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीचा भाव दिसू लागला होता. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो हळूहळू विरला. कुणी पडेल त्या अटीवर आत गेले, कुणी भाजीची गाडी लावली, बाबांसारखे पुष्कळ जण कोकणात भातशेतीवर परतले.

१९८४मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तरी दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवलं. संप हरलेल्या पुढाऱ्याला संपात होरपळलेल्यांनी मतं दिली. बाबा म्हणायचे, ‘माणूस विकला गेला नाही, एवढं आम्हाला कळत होतं.’ मतदार फक्त निकाल बघत नाही, नियतही बघतो. आणि नियत बघण्यात काही चूक नाही. जानेवारी १९९७मध्ये पवईत डॉक्टरांचा खून झाला तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

पण मी पुढच्या पिढीचा. मी एक प्रश्न जादा विचारतो : या माणसाला मागे यायची वाट माहीत आहे का? आमच्या कारखान्यात मागण्या पोटात धरून कामावर परतायचा निर्णय गेटवर सांगणं हे घोषणा देण्यापेक्षा शंभरपट कठीण असायचं. समोरून शिव्या येतात, ‘विकले गेले’ हा शब्द येतो. त्या दिवशी जो माइक दुसऱ्याच्या हातात देऊन मागे सरकत नाही, तो खरा पुढारी. उमेदवारालाही हे लागू आहे. विरोध कुणीही करतो. कुठल्या प्रश्नावर त्याने तडजोड केली, काय सोडलं, काय राखलं आणि ते लोकांना तोंडावर सांगितलं का, हे शोधावं.

७. गेटवर हरलेलं कधी कधी मतपेटीतून परत मिळतं

८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशव्यापी संप झाला. हेच जॉर्ज १९६७मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बड्या केंद्रीय मंत्र्याला पाडून लोकसभेवर गेले होते. महापालिका कामगार आणि टॅक्सीवाल्यांच्या युनियन्स बांधलेला माणूस. रेल्वेचा संप सरकारने मोडून काढला. अटका झाल्या, रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टर्समधून कुटुंबं बाहेर काढली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तीनेक आठवड्यांत संप मागे घ्यावा लागला.

पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. १९७७ला लोकांनी सरकार बदललं. कोकणातून, राजापूरमधून निवडून गेलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात बडतर्फ झालेल्यांना कामावर परत घेतलं. किमान बोनसही पुन्हा ८.३३ टक्के झाला. संपाने जे मिळालं नाही, उलट संपापायी जे गेलं, ते मतदानाने परत आलं. ‘कुणीही आलं तरी आपल्याला काय फरक पडतो?’ असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

८. आपलं सरकार आल्यावर घसा बसतो का, ते पाहा

आपल्याकडे बहुतेक मोठ्या युनियन्स कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या किंवा विचाराच्या जवळच्या. आयटक १९२०ची, इंटक १९४७ची, भारतीय मजदूर संघ १९५५चा, सीटू १९७०ची. त्यात मला गैर वाटत नाही. विचार नसलेली युनियन दलालीच करते. कसोटी लागते ती आपल्या बाजूचं सरकार आल्यावर. आणीबाणीत बोनस कापला गेला तेव्हा डांगे यांचा कम्युनिस्ट पक्ष इंदिरा सरकारच्या पाठीशी उभा होता. त्याची किंमत गिरणगावात त्यांना मोजावी लागली. उलट, वाजपेयी सरकार असताना मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी त्या सरकारच्या आर्थिक धोरणावर जाहीर टीका केली. विचार कुठलाही असो, दाद द्यायची ती या गोष्टीला.

पैशाचंही तेच. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने घालून दिलं होतं की राजकीय कामासाठी युनियनने वेगळा निधी ठेवायचा आणि त्यात वर्गणी देण्याची सक्ती सभासदावर करायची नाही. पुष्कळ सभासदांना हे ठाऊकच नसतं. आमच्याकडे सर्वसाधारण सभेत पावती पुस्तकांच्या नंबरासकट हिशोब वाचला जायचा आणि कोपऱ्यातला एखादा म्हातारा चहापाण्याच्या खर्चावरूनही उठून उभा राहायचा. त्याला कुणी बसवायचं नाही. ही सवय मतदाराने उचलावी. २००३पासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि चालू खटले यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. मागच्या निवडणुकीचं आणि या निवडणुकीचं शेजारी ठेवून वाचा. भाषणापेक्षा जास्त कळतं.

९. ज्याचं मत इथे नाही, त्याच्याशी कसा वागतो?

माझ्या शेवटच्या वर्षांत शॉपमध्ये कायम कामगार कमी आणि कंत्राटी पोरं जास्त झाली. आमचा युनिफॉर्म निळा, त्यांचा राखाडी. कँटीनमध्ये त्यांची रांग वेगळी. काम तेच, मशीन तेच. सात महिने होत आले की ब्रेक, कारण २४० दिवस भरले की कायमपणाचा दावा उभा राहायचा. यूपीचा एक पोरगा मला म्हणाला होता, ‘काका, मी इथं तिसऱ्यांदा नवीन लागलोय.’ कायम कामगारांच्या कितीतरी युनियन्सनी या पोरांकडे पाठ फिरवली, कारण युनियनच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं.

उलटी उदाहरणंही महाराष्ट्रातच आहेत. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची. बोर्ड त्यातून हमालाला पगार, बोनस, फंड देणार. पाठीवर पोतं घेणाऱ्याला फंड मिळू शकतो, हे आधी कुणाला खरं वाटलं नसतं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरा वेचणाऱ्या बायकांची. पुढे २००८मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ संस्थेने पुणे महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

उमेदवाराची पारख इथे पक्की होते. ज्यांची नावं त्याच्या मतदार यादीत नाहीत, बिहार-यूपीची पोरं, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, नाक्यावरचे मजूर, त्यांच्याविषयी तो काय बोलतो? मत नसलेल्याला लाथाडणारा, मत देऊन झाल्यावर तुम्हालाही त्याच रांगेत उभा करेल.

१०. मत द्या, पण वर्गणी थांबवू नका

आधी मतदान. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमाप्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा हक्क आहे आणि तो रोजंदारीवाल्यालाही आहे. कंत्राटदार ‘आला नाहीस तर खाडा’ म्हणाला तर एकट्याने वाद घालू नका, चार जण मिळून जा. युनियनचा पहिला धडा तिथेच होतो.

मग मतदानानंतरचं. आपला माणूस निवडून आला की कामगार निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो. किमान वेतनाचा कायदा कागदावर कितीही चांगला असो, कमी पगार दिल्याची तक्रार कुणीतरी करावी लागते, हजेरीपट दाखवावा लागतो, तारखेला हजर राहावं लागतं. आमदार विधानसभेत प्रश्न विचारील; पण तो प्रश्न आकड्यांसह त्याच्या हातात कोण देणार? ते काम युनियनचं, आणि युनियन म्हणजे शेवटी पावती फाडणारे तुम्ही.

आमच्या सोसायटीत मी सध्या एक करून बघतोय. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आम्ही मागण्यांचं एक पान देतो : पाच मागण्या, प्रत्येकीपुढे ‘किती’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने. खाली सहीची जागा. बहुतेक जण हसून पान कार्यकर्त्याकडे देतात. काही जण दोन मागण्या खोडून उरलेल्या तिन्हींवर सही करतात, आणि खोडलेल्या का जमणार नाहीत ते सांगतात. माझं मत साधारणपणे खोडणाऱ्याकडे झुकतं, कारण करारही असेच होतात. निवडणूक झाल्यावर ते पान फाइलला लावतो आणि दर वर्षी झेरॉक्स काढून त्यांच्या ऑफिसात नेऊन देतो, पोच घेऊन.